रेडिओच्या टेबलासाठी घरात वेगळी लाइन: नव्या हॅमसाठी

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. परवान्यासोबत व्हीयू3 कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख, हातात पडला की पहिला खर्च रिगवर, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या रेडिओ संचावर, होतो आणि दुसरा अँटेनावर. वीज तर भिंतीत आहेच, असं म्हणून टीव्हीच्या मागच्या बोर्डाला एक एक्स्टेंशन लागतं, त्यावर पॉवर सप्लाय, लॅपटॉप, राउटर, मोबाइलचा चार्जर आणि सणासुदीला दिव्यांची माळही. रिग त्यावर चालतो, यात वाद नाही. पण मध्येच आवाज चिरका होतो, माइकला ओठ लागला की झिणझिणी येते, बोलायला लागलं की बेडरूममधला पंखा अडखळतो. मग रिग खराब आहे की अँटेना यावर ग्रुपवर चर्चा झडते, आणि बोर्डाकडे कुणी बघत नाही.

टेबलासाठी डीबीपासून (घराच्या वितरण पेटीपासून) स्वतंत्र लाइन कशी घ्यायची ते इथे क्रमाने सांगतो. एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. डीबी उघडणं, त्यात नवा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) बसवणं, भिंतीतल्या वायरी जोडणं हे काम परवाना असलेल्या वायरमनचं किंवा विद्युत ठेकेदाराचं आहे, कायद्यानेही. व्हिडिओ बघून स्वतः हात घालू नका. तुमचं काम म्हणजे काय हवं ते नेमकं सांगणं, सामान पारखून आणणं आणि झालेलं काम मोजून घेणं. पॉवर सप्लायच्या पुढची १३.८ व्होल्टची बाजू मात्र पूर्ण तुमची.

आधी कागदावर हिशेब

शंभर वॅटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) रिग बोलताना १३.८ व्होल्टवर २० ते २२ अँपिअर ओढतो. हा २२ चा आकडा बघून बरेच जण गीझरला लागते तशी जाड लाइन हवी असं धरून चालतात. पण १३.८ गुणिले २२ म्हणजे साधारण ३०४ वॅट. सप्लायची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर भिंतीतून ३७० वॅट घेतले जातात, म्हणजे २३० व्होल्टला १.६ अँपिअर. स्वस्त एसएमपीएसचा (हलक्या स्विचिंग सप्लायचा) पॉवर फॅक्टर यथातथाच असतो, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो जास्त करंट ओढतो, म्हणून पावणेतीन अँपिअर धरा. घरातली हजार वॅटची इस्त्री याहून जास्त ओढते. शिवाय आपल्याकडे व्हीयू3 च्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला एचएफवर ५० वॅटचीच मुभा आहे, तेव्हा तुमचा आजचा आकडा याहूनही कमी. उद्या वरची जनरल श्रेणी मिळाली आणि ४०० वॅटचा लिनिअर ॲम्प्लिफायर (रिगची ताकद वाढवणारं खोकं) आणलात, तर भिंतीवर साधारण एक किलोवॅटचा भार येईल. तोही एका १६ अँपिअरच्या लाइनवर आरामात बसतो. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो तो एकदा बघून ठेवा, पण रेडिओसाठी तो वाढवून घ्यायची वेळ सहसा येत नाही.

मग वेगळी लाइन कशाला? करंटसाठी नाहीच मुळी. टेबलावरच्या प्रत्येक धातूच्या खोक्याला खात्रीची अर्थिंग मिळावी, सगळं एका खटक्यात बंद करता यावं आणि घरातल्या इतर उपकरणांची घाण त्या वायरीत उतरू नये, यासाठी. यातली अर्थिंग सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सुरुवात तिथून.

अर्थिंग आहे का, आणि ती खरी आहे का

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या तीन मजली इमारती, वाशी-नेरूळमधली सिडकोची सुरुवातीची घरं आणि घोडबंदर रोडवरचे टॉवर, तिन्हीकडची परिस्थिती वेगळी. टॉवरमध्ये प्रत्येक फ्लॅटपर्यंत हिरवी वायर आलेली असते, तिचं दुसरं टोक मीटर रूममधून अर्थ पिटपर्यंत (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत) धड आहे की नाही एवढाच प्रश्न. जुन्या इमारतींत मात्र मूळ वायरिंग दोनच तारांचं असू शकतं. पुढे कुणीतरी तीन पिनांचा सॉकेट बसवला आणि वरच्या मोठ्या भोकात काहीच जोडलं नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून एक तुकडा घेऊन अर्थच्या पिनेला जोडून दिला.

हा शेवटचा प्रकार हॅमसाठी जास्त घातक का, ते समजून घ्या. असल्या बोर्डात मागे कुठे न्यूट्रल सुटला तर सप्लायच्या बॉडीवर सरळ २३० व्होल्ट येतात. सप्लायच्या बॉडीवरून ते रिगच्या बॉडीवर, तिथून कोॲक्सच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या) जाळीवर आणि जाळीतून गच्चीवरच्या अँटेनावर. पापड वाळत घालायला गेलेल्या काकूंचा हात तिथे लागू शकतो. मिक्सर किंवा फ्रिज बिघडला तर धोका घरात राहतो, रेडिओचा धोका गच्चीपर्यंत जातो.

तपासायचं कसं? स्क्रू-ड्रायव्हरसारखा निऑनचा टेस्टर यात उपयोगाचा नाही, तो फक्त फेज दाखवतो. तीन दिवे लागणारा सॉकेट टेस्टर मिळतो, पण न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतील तर त्यालाही ‘सगळं ठीक’ वाटतं. चांगला, कॅट-३ दर्जाचा मल्टिमीटर हवा, आणि त्याच्या पिना सॉकेटमध्ये घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून तुमच्यासमोर करून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास यायला हवं, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ ९०-१०० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थची तार कुठेच पोचलेली नाही, मीटर नुसतं हवेतलं पकडतंय.

आता खरी गंमत पुढच्या चाचणीत आहे. त्याच बोर्डाच्या शेजारच्या सॉकेटला इस्त्री लावा आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज पुन्हा बघा. न्यूट्रलमधून चार-सव्वाचार अँपिअर वाहायला लागल्यावर वायरीच्या रोधामुळे हा आकडा थोडा वर सरकायला हवा. डीबी पंधरा मीटर लांब असेल आणि वायर अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) असेल, तर सुमारे अर्धा व्होल्ट. इस्त्री तापते आहे आणि मीटर मात्र ०.०० वरून हलत नाही, असं दिसलं तर न्यूट्रल आणि अर्थ तिथेच, त्या डबीत, एकत्र बांधले आहेत. बोर्ड खोलून घ्या.

फ्लॅटपर्यंत अर्थ आलीच नसेल तर ती मीटर रूममधल्या अर्थच्या पट्टीपासून वर आणावी लागते, आणि त्याला सोसायटीची परवानगी लागते. कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय मांडा. हे काम झालं तर सगळ्या विंगचं भलं आहे, त्यामुळे नुसतं ‘माझ्या रेडिओसाठी’ असं म्हणू नका. ऐरोली, घणसोली किंवा बेलापूरला सिडकोचं रो-हाउस असेल तर तुम्ही नशीबवान: अंगणात स्वतःचा अर्थ पिट करता येतो. फक्त तो पिट घराच्या मुख्य अर्थला जाड तांब्याने जोडलेला हवा. घराची अर्थ वेगळी आणि रेडिओची वेगळी, अशा दोन स्वतंत्र अर्थ कधीही ठेवू नका. जवळपास वीज पडली की त्या दोन अर्थांमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो मिटवायचा रस्ता तुमच्या रिगमधून जातो.

महानगर गॅसच्या पाइपला किंवा पाण्याच्या नळाला अर्थ जोडणारे अजूनही भेटतात. गॅसच्या पाइपबद्दल काही बोलायलाच नको. पाण्याचे पाइप हल्ली बहुतेक प्लास्टिकचे असतात, त्यातून अर्थ मिळायची नाही.

सामान

वायर तांब्याची, आयएसआय छाप, एफआरएलएस (आग लवकर न पसरवणारी, कमी धुराची) किंवा हॅलोजन-फ्री प्रकारची. १६ अँपिअरला अडीचची वायर चालते, पण मी चारचीच सांगतो. लाइन ओढण्यात मजुरी आणि फोडाफोडी हाच मोठा खर्च, वायरीतला फरक त्यामानाने किरकोळ, आणि उद्या लिनिअर आणलात तर पुन्हा भिंत उकरायला नको. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. अर्थची वायरही त्याच जाडीची घ्या. ‘अर्थला एकची बास होते’ असं वायरमन म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि चारचीच ओढायला लावा.

डीबीत बसवायला १६ अँपिअरचा, सी-कर्व्हचा, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीबीओ. एमसीबी आणि आरसीसीबी (गळती करंट दिसताच वीज तोडणारा) यांचं काम एकाच खोक्यात करतो तो. दुकानात आरसीसीबीला सर्रास ईएलसीबी म्हणतात, तेव्हा आरसीबीओ असं स्पष्ट सांगा. सी-कर्व्ह अशासाठी, की मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला जुना पॉवर सप्लाय चालू करताना क्षणभर जोरात करंट ओढतो आणि बी-कर्व्हचा एमसीबी उगाच पडतो. टाइप ए मिळाला तर तोच घ्या, इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी टाइप एसीपेक्षा तो बरा.

टेबलामागे लावायला सहा-सोळा अँपिअरचे एकत्रित, शटरवाले चार-पाच सॉकेट आणि हाताशी एक डबल पोल स्विच. १६ च्या लाइनवर नुसते सहा अँपिअरचे सॉकेट लावू नका. तांब्याची एक पट्टी, टिनचा मुलामा असलेले लग, आणि ते दाबायला नीट क्रिंपिंगचं अवजार. नवी मुंबईत, खासकरून वाशी, कोपरखैरणे, ऐरोली अशा खाडीलगतच्या भागात, उघडं तांबं बघता बघता हिरवं पडतं, म्हणून हा मुलामा. इलेक्ट्रिकचं सगळं सामान ठाणे स्टेशनच्या आजूबाजूला मिळतं. जास्त निवड हवी तर मुंबईतली लोहार चाळ आहेच. फेराइट (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय कड्या) आणि कनेक्टरसाठी लॅमिंग्टन रोड.

आरसीबीओ इतका आग्रहाने का सांगतो? सोसायटीचा पिट वर्षानुवर्षं कुणी बघितलेला नसतो. समजा त्या अर्थचा रोध वाढून ५० ओहम झाला. सप्लायच्या आत फेज सुटून बॉडीला लागला तर अर्थमधून जाणार २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ चा एमसीबी यात ढिम्म हलणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ मात्र लगेच पडेल.

लाइन कुठून न्यायची

सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल बंद असतं, रविवारी तर दिवसभर, हे वायरमनला आधीच सांगा. भाड्याचं घर असेल तर केसिंग-कॅपिंग करा, स्वतःचं असेल तर कन्सिल्ड. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. बहुतेक इमारतींत ती पश्चिमेची असते आणि रंगाच्या फुगवट्यांवरून ओळखू येते. कोॲक्स आणि ही लाइन एकाच पट्टीत घालू नका. जिथे एकमेकींना ओलांडावं लागेल तिथे काटकोनात ओलांडा. मधे कुठेही जोड नको, डीबीपासून टेबलापर्यंत अखंड वायर.

डीबीत काय सांगायचं

इथे वायरमन लोकांची एक ठरलेली चूक होते. नव्या लाइनचा फेज आरसीबीओतून घेतात आणि न्यूट्रल मात्र सवयीने डीबीतल्या सामाईक न्यूट्रल पट्टीला लावतात. मग आरसीबीओला गेलेला आणि परत आलेला करंट जुळत नाही आणि काहीही लावलं की तो पडतो. ‘आरसीबीओच खराब आहे’ म्हणून तो काढून साधा एमसीबी बसवला जातो, आणि सगळं मुसळ केरात. तुमच्या टेबलाकडे जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा आरसीबीओच्या खालच्या बाजूच्या, म्हणजे आउटपुटच्या, टर्मिनलातून निघायला हव्यात. तिथून टेबलापर्यंत तो न्यूट्रल दुसऱ्या कुठल्याही न्यूट्रलला शिवता कामा नये.

घराला आधीच एक मुख्य आरसीसीबी असेल तर नवा आरसीबीओ त्याच्या आधी, मुख्य आयसोलेटरनंतर, जोडता येतो का ते विचारा. दोन्ही एकामागे एक आले तर कुठला आधी पडेल याचा भरवसा नसतो. एसएमपीएस, मॉनिटर, लॅपटॉपचा चार्जर या प्रत्येकाच्या फिल्टरमधून थोडा थोडा करंट अर्थला जातच असतो. चार-पाच उपकरणं मिळून तो काही मिलिअँपिअर होतो, त्यात ट्रान्समिट करताना आरएफ (रेडिओ लहरींचा करंट) शिरला की संवेदनशील आरसीसीबी पडू शकतो. मुख्य आरसीसीबी पडला तर अख्खं घर अंधारात, आणि ऐन मालिकेच्या वेळी असं झालं तर छंदाला घरातून मिळणारी परवानगी धोक्यात येते.

डीबी उघडलेलाच आहे तर एक टाइप-२ एसपीडी (व्होल्टेजचा अचानक येणारा झटका झेलणारा) आणि जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले बसवून घ्या. पावसाळ्यात इमारतीचा न्यूट्रल सुटण्याचे प्रकार होतात. तीन फेजच्या पुरवठ्यात असं झालं की एखाद्या फ्लॅटला तीनशे-साडेतीनशे व्होल्ट मिळतात आणि एसएमपीएस पहिल्या झटक्यात जातो.

टेबलामागे

बोर्ड जमिनीपासून वर, टेबलाच्या पातळीला घ्या, पोछा मारताना पाणी लागायला नको. तांब्याची पट्टी टेबलाच्या मागच्या कडेला लावा आणि बोर्डातल्या अर्थला चारच्या वायरीने जोडा. रिग, ट्यूनर, सप्लाय, लिनिअर या प्रत्येकाच्या मागे अर्थचा स्क्रू असतो. त्या प्रत्येकापासून पट्टीपर्यंत स्वतंत्र, आखूड, चपटी वेणीदार तार न्या. एकाची अर्थ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला असं लोंबकळत नेऊ नका.

डबल पोल स्विच दाराच्या बाजूला, तुम्ही खुर्चीत असताना दुसऱ्या कुणालाही सहज पोचता येईल असा ठेवा आणि त्यावर ‘रेडिओ’ असं मराठीत लिहा. घरातल्या सगळ्यांना, शाळेतल्या मुलांसकट, तो दाखवून ठेवा: मला झटका बसलेला दिसला तर मला हात लावायचा नाही, आधी हा स्विच बंद करायचा.

मोजून घ्या

पैसे देण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. वीज बंद ठेवून डीबीपासून बोर्डापर्यंत अर्थ अखंड आहे का ते मीटरने, आणि मेगरने (उच्च व्होल्टेजच्या मीटरने) इन्सुलेशन. मग चालू करून मघाशी सांगितलेले तीन व्होल्टेज, इस्त्रीसकट. शेवटी आरसीबीओचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते. बटणाने फक्त आतली यंत्रणा चालते हे कळतं, अर्थ शाबूत आहे का हे नाही. म्हणून वायरमनला टेस्ट लॅम्पने फेज आणि अर्थमध्ये १५ वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा: ६५ मिलिअँपिअर जातात, तेव्हा आरसीबीओ पडलाच पाहिजे. बल्ब पेटलाही नाही आणि आरसीबीओही पडला नाही, तर अर्थ तुटलेली आहे.

१३.८ व्होल्टची बाजू

इथून पुढे अवजार तुमच्या हातात, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. २३० व्होल्टच्या बाजूला अर्धा-एक व्होल्ट गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. १३.८ मध्ये तो गेला तर फार होतो. बहुतेक रिगना १३.८ व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के चालतात, म्हणजे ११.७ पर्यंत खाली.

चारच्या तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध मीटरला साधारण ५ मिलिओहम असतो. अडीचचा ८, दीडचा १३, सहाचा साडेतीनहून थोडा कमी. समजा सप्लाय कपाटात ठेवला आणि रिग तीन मीटरवर आहे. करंट जाऊन परत यायचा, म्हणजे सहा मीटर. २२ अँपिअरला दीडच्या वायरीत पावणेदोन व्होल्ट वाटेतच जिरतात, अडीचच्या वायरीत एक, चारच्या वायरीत ०.६६. तेच अंतर एक मीटरवर आणलं तर चारच्या वायरीत फक्त ०.२२. सप्लायवर असताना हे खपून जातं. बॅटरीवर गेलात, तिचा व्होल्टेज भाराखाली बारावर आला आणि वायरीत आणखी एक गेला, की प्रत्येक जोरकस शब्दाला रिग अडखळतो किंवा सरळ बंदच पडतो. म्हणून लांब पल्ला २३० व्होल्टला द्या, आखूड १३.८ ला. सप्लाय रिगच्या शेजारी, पण त्याच्या पंख्याला हवा मिळेल असा. रिगसोबत आलेल्या वायरीत दोन्ही तारांना फ्यूज असतात, ते काढून वायर आखूड करू नका.

बॅटरी ठेवणार असाल, आणि ठेवावीच, तर तिच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज हवा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी पडघा-कळवा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबईसकट ठाणे-नवी मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. अशा वेळी ऐकायला रिगला एक-दीड अँपिअर पुरतो, म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीवर तो दिवसभर सहज चालतो. रिग इन्व्हर्टरच्या २३० वर चालवू नका, सरळ बॅटरीच्या १२ व्होल्टवर घ्या. इन्व्हर्टरमुळे रिसीव्हरमध्ये खरखर येते आणि ऊर्जाही दोनदा वाया जाते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिची जागा हवेशीर हवी, बंद कपाट नको.

आरएफ अर्थचा नाद

सातव्या मजल्यावरून खिडकीतून तार सोडून खाली बागेत सळई ठोकायची कल्पना प्रत्येक नव्या हॅमला सुचते. १४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण सव्वापाच मीटर, ७ मेगाहर्ट्झला साडेदहा. मजला तीन मीटरचा धरला तर दुसऱ्या मजल्यावरून सोडलेली तार २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) जवळपास पाव तरंगलांबीची होते, आणि अशा तारेचं खालचं टोक जमिनीत असलं तरी वरच्या टोकाला आरएफच्या दृष्टीने जमीन नसल्यासारखीच असते. उलट तीच तार अँटेनासारखी वागते आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीत शिरते. फ्लॅटमध्ये आरएफसाठी वेगळी अर्थ शोधण्यात अर्थ नाही. अँटेनाच्या फीडपॉइंटला (कोॲक्स जोडतो तिथे) १:१ बॅलन किंवा चोक लावा, म्हणजे आरएफ कोॲक्सच्या जाळीवरून मागे येत नाही, एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) अँटेना असेल तर काउंटरपॉइज, म्हणजे जोडीची दुसरी तार, द्या, आणि कोॲक्स घरात येतो तिथे ३१ मिक्सच्या फेराइट टोरॉइडवर त्याचे काही वेढे घ्या. माइकची झिणझिणी बहुतेक वेळा यानेच जाते. बोर्डातली अर्थ सुरक्षेसाठी आहे, तिच्याकडून आरएफचं काम मागू नका.

गडगडाट

आपल्याकडे विजा जास्त कडाडतात त्या मे-जूनमध्ये पाऊस सुरू होताना आणि ऑक्टोबरमध्ये तो परतताना. कोॲक्सला गॅस ट्यूबचा अरेस्टर (झटका अर्थकडे वळवणारा) लावा आणि त्याची अर्थ इमारतीच्या अर्थशी जोडलेली ठेवा, पण अरेस्टर लावला म्हणजे वीज अडली असं समजू नका. ढग दिसले की कोॲक्स रिगमधून काढून खिडकीबाहेर ठेवायचा, टेबलाचा स्विच बंद करायचा आणि प्लगही काढायचा. सोसायटीच्या लाइटनिंग अरेस्टरच्या पट्टीला स्वतःहून काहीही जोडू नका, ते काम ज्याने ती यंत्रणा बसवली त्याला विचारून. कोॲक्स आत घेताना खिडकीखाली त्याला एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, बोर्डाकडे येत नाही.

खरखर कुणाची

लाइन तयार झाली, आता ती किती शांत आहे ते बघा. रिग बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच बंद करा आणि ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) रिगचा एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद मोजणारा काटा, किती दाखवतो ते लिहून ठेवा. मग एकेक एमसीबी चालू करत जा. कुठल्या एमसीबीला सुई उडी मारते ते कळलं की त्या लाइनवरची उपकरणं एकेक करून तपासा. एलईडी बल्बचे स्वस्त ड्रायव्हर, बीएलडीसी पंखे, इन्व्हर्टर एसी आणि मोबाइलचे बिनछापाचे चार्जर हे नेहमीचे संशयित. त्यांच्या वायरीवर फेराइट लावा किंवा सरळ उपकरण बदला. रेडिओच्या लाइनवर यातलं काहीही लावायचं नाही, पाहुण्याचा चार्जरसुद्धा नाही.

घर पूर्ण बंद असतानाही खरखर तशीच असेल तर ती बाहेरची. लिफ्टचा ड्राइव्ह, पाण्याचा पंप, समोरच्या इमारतीचा सोलर इन्व्हर्टर, वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातला एखादा कारखाना. मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यातून आणि आवारातून एक फेरी मारा, तो आडवा-उभा फिरवत गेलात की दिशा सापडते. लिफ्ट दर वेळी हलताना खरखर येत असेल तर वेळा लिहून सेक्रेटरींना दाखवा. विजेच्या खांबावरून किंवा ट्रान्सफॉर्मरवरून चरचर ऐकू येत असेल तर महावितरणकडे तक्रार नोंदवा. कळवा-मुंब्रा-शीळ भागात ती टोरंट पॉवरकडे. इन्सुलेटर किंवा सैल जोड ठिणग्या टाकत असेल तर तो त्यांच्यासाठीही बिघाडच आहे.

दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, मेन बंद करून वायरमनकडून डीबी आणि बोर्डातले सगळे स्क्रू आवळून घ्या, आरसीबीओचं बटण दाबून बघा, इस्त्रीची चाचणी पुन्हा करा आणि खिडकीबाहेरचे कनेक्टर उघडून हिरवे पडलेत का ते पाहा. सोसायटीचा अर्थ पिट मोजून घेण्याचा विषयही त्याच सुमाराला कमिटीपुढे ठेवा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या चर्चेत तो बसून जातो.